जॉर्ज टाउनमध्ये एकटीने एकच दिवस: काय पाहावे, काय खावे आणि काय सोडून द्यावे?

सांजवात:

नमस्कार. पुढच्या महिन्यात क्वालालंपूरमधील कामाला जोडून मला एक दिवस मोकळा मिळतो आहे आणि तो पेनांग बेटावरील जॉर्ज टाउनमध्ये घालवायचे मी ठरवले आहे. आदल्या रात्री मी तिथे पोहोचेन, मुक्काम जुन्या शहरातच आहे आणि त्यानंतरच्या पहाटे परतायचे आहे. म्हणजे हाताशी आहे तो सकाळपासून रात्रीपर्यंतचा वेळ. वय पन्नाशीच्या पुढे आहे, चालण्याची सवय आहे, पण दुपारचे ऊन आता पूर्वीसारखे सोसत नाही.

माझी अडचण अशी आहे की गेल्या वेळी एकटी फिरायला गेले तेव्हा मोठी यादी करून निघाले होते आणि दुपारी तीनलाच पाय आणि पोट या दोघांनीही असहकार पुकारला. त्यामुळे या वेळी मला नेमके दोन-तीन गोष्टींवर मत हवे आहे. पेनांग हिलवर जाण्यात अर्धा दिवस घालवावा की जुन्या शहरातच राहावे? खाण्याच्या गाड्यांवर आणि कॉफीच्या जुन्या दुकानांमध्ये एकट्या माणसाने टेबल कसे धरायचे, पैसे कोणाला द्यायचे, याची काही रीत आहे का? आणि शेवटचे म्हणजे, मी मासे आणि कोंबडी खाते, परंतु डुकराचे आणि गोमांस खात नाही. तर कोणत्या पदार्थांच्या वाटेला जाऊ नये?

पायपीट:

मी जॉर्ज टाउनमध्ये दोनदा एकटा राहिलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. माझे मत आधीच सांगतो: डोंगर सोडा, जुने शहर धरा आणि दिवसाची आखणी ठिकाणांवरून न करता भुकेवरून करा. तिथले बहुतेक पदार्थ एका माणसाच्या बशीएवढेच मिळतात, त्यामुळे एकट्याला काहीच गैरसोय होत नाही. मात्र वाटून खायला कोणी नसल्यामुळे दिवसभरात पाच-सहा पदार्थांपलीकडे पोट जात नाही. ते पाच-सहा कोणते हे ठरले की मधली देवळे, मशिदी आणि वाडे आपोआप रांगेत बसतात.

घड्याळाची एक गंमत लक्षात असू द्यावी. मलेशियाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, पण पेनांग त्या मानाने बरेच पश्चिमेला असल्यामुळे तिथे सकाळी सातला जेमतेम झुंजूमुंजू झालेले असते आणि सूर्य संध्याकाळी सात वाजून गेल्यावर मावळतो. म्हणजे भल्या पहाटे उठण्याचा फारसा फायदा नाही, उलट संध्याकाळ आपल्या कल्पनेपेक्षा लांब मिळते, आणि उन्हापासून जपणाऱ्या माणसाने ती संध्याकाळच राखून ठेवावी.

न्याहारीला एखाद्या कोपितिआममध्ये, म्हणजे चिनी धाटणीच्या जुन्या कॉफीच्या दुकानात बसावे. तिथली रीत तुम्ही विचारलीत ती अशी. दुकानाचा मालक फक्त पेये विकतो आणि खाण्याच्या गाड्या वेगवेगळ्या लोकांच्या असतात. आधी रिकामे टेबल धरायचे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवायचा, मग हव्या त्या गाडीपाशी जाऊन पदार्थ सांगायचा आणि टेबलाचा क्रमांक द्यायचा. बशी टेबलावर आली की आणणाऱ्याच्याच हातात पैसे द्यायचे. पेय विचारायला कोणीतरी आपणहून येते, आणि टेबल अडवल्याबद्दल एक पेय घेणे हा शिष्टाचार समजला जातो. गर्दी असेल तर अनोळखी माणसे तुमच्या टेबलावर येऊन बसतील, तुम्हीही तसे बसू शकता. मान हलवून विचारले की पुरे. सुट्या नोटा जवळ ठेवा.

कॉफी मागताना नुसते ‘कोपी’ म्हटले तर आटवलेले गोड दूध घातलेली कॉफी येते, ‘कोपी ओ’ म्हणजे साखर घातलेली काळी, आणि साखरही नको असेल तर ‘कोपी ओ कोसोंग’. त्याबरोबर काया लावलेला भाजलेला पाव घ्यावा. काया म्हणजे नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पांदानची सुगंधी पाने एकत्र शिजवून केलेला मुरंबा. इथे पोट भरू नका, दिवस मोठा आहे.

साडेआठच्या सुमारास लेबुह अर्मेनियनवर पोहोचा (‘लेबुह’ म्हणजे रस्ता). लिथुआनियाचा चित्रकार अर्नेस्ट झाखारेविच याने २०१२ साली इथल्या भिंतींवर काढलेली चित्रे पाहायला, खरे तर त्यांच्यासोबत छायाचित्र काढायला, दहानंतर रांग लागते. सायकलवरच्या दोन मुलांच्या चित्रात सायकल खरी आहे आणि मुले रंगवलेली आहेत. मला विचाराल तर त्या चित्रांपेक्षा त्याच रस्त्यावरचे १२० क्रमांकाचे घर अधिक मोलाचे आहे. चिनी क्रांतिकारक सन यत-सेन यांनी १९१० साली चीनमधील पुढच्या उठावाची तयारी याच घरातून केली.

तिथून खू कोंग्सी दोन मिनिटांवर आहे. फुजियान प्रांतातून आलेल्या खू आडनावाच्या लोकांचे हे कुलमंदिर आणि सभागृह. आधीची वास्तू १९०१ साली जळाली. ती राजवाड्याच्या तोडीची असल्यामुळे देवांचा कोप झाला अशी समजूत पसरली, आणि १९०६ साली उभी राहिलेली आजची वास्तू त्या मानाने आवरती घेतलेली आहे, असे सांगतात. छपरावरचे नक्षीकाम पाहून ‘आवरती’ या शब्दाचे हसू येते. आत येण्याच्या वाटा मात्र मुद्दाम अरुंद आहेत. १८६७ साली या शहरात टोळ्यांची मोठी दंगल झाली होती आणि भोवतालची घरे तटबंदीसारखी अंगणाला वेढून का उभी आहेत, हे त्या बोळातून शिरताना कळते.

मग उत्तरेकडे चालत राहा. एकाच रस्त्याच्या आसपास, पाऊण किलोमीटरच्या आत, १८०१ साली भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांच्या पुढाऱ्याने उभारलेली कपितान केलिंग मशीद, १८३३ सालचे मारिअम्मन मंदिर, उदबत्त्यांच्या धुराने भरलेले क्वान यिन या करुणेच्या देवीचे देऊळ आणि १८१८ सालचे सेंट जॉर्ज चर्च अशी चार धर्मस्थळे लागतात. मशिदीत नमाजाच्या वेळा सोडून प्रवेश मिळतो आणि अंग झाकायला झगा तिथेच देतात. चालताना घरांच्या पुढच्या छपराखालच्या ओट्यावरून चाला. त्याला मलयमध्ये ‘काकी लिमा’, म्हणजे पाच फूट, असे नाव आहे. दुकानासमोर तेवढी रुंद सावली ठेवण्याचा जुना दंडक होता आणि उन्हापावसात आजही तीच वाट उपयोगी पडते. कुठे दुचाकी उभी असते, कुठे मालाची खोकी असतात, म्हणून खाली उतरावे लागते, एवढेच.

दुपारच्या जेवणाला नासी कांदार. ‘नासी’ म्हणजे भात आणि ‘कांदार’ म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान फेरीवाले कावडीच्या एका बाजूला भाताचे आणि दुसऱ्या बाजूला कालवणाचे भांडे लटकावून बंदरावरच्या मजुरांना जेवण विकत, त्यावरून हे नाव पडले. आता दुकाने आहेत, कावडी नाहीत. इथे डुकराचे मांस नसते, परंतु गोमांस असते, आणि तुमच्यासाठी खरी अडचण रश्श्यांची आहे: भातावर सगळ्या भांड्यांतला रस्सा एकत्र ओतण्याची, ज्याला ते ‘बांजिर’ म्हणजे पूर म्हणतात, तिथे पद्धत आहे. म्हणून ताट वाढताना समोर उभे राहून फक्त कोंबडीचा किंवा माशाचा रस्सा दाखवून मागा. ताटात किती पदार्थ पडले त्यावर पैसे ठरतात. तळलेली कोळंबी किंवा मोठ्या माशाचा तुकडा उचलण्यापूर्वी किंमत विचारावी. मी विचारली नव्हती.

एक ते चार हा वेळ छपराखाली काढा. लेबुह गेरेजावरील पेरानाकान हवेली किंवा लेबुह लीथवरील चेओंग फात त्झे या चिनी व्यापाऱ्याचा निळा वाडा, यांपैकी एकच निवडा. निळ्या वाड्याची माहिती देणाऱ्याबरोबर फेरी असते आणि तिच्या वेळा ठरलेल्या असतात. त्याच्या भिंतींचा रंग चुन्यात नीळ मिसळून आणलेला आहे. पेरानाकान हवेलीत सामान भरगच्च आहे, शिसवी कपाटे, मण्यांच्या चपला, चांदीचे डबे. मलय मुलखात स्थिरावलेल्या चिनी कुटुंबांचा, म्हणजेच पेरानाकान समाजाचा, थाट तिथे दिसतो, जरी ते घर बांधणारा कपितान, म्हणजे चिनी लोकांचा पुढारी, स्वतः त्या समाजातला नव्हता.

त्यानंतर चेंडोल. पांदानच्या रसाने हिरव्या केलेल्या तांदळाच्या पिठाच्या शेवया, नारळाचे दूध, ताडगूळ, लाल घेवडा आणि किसलेला बर्फ. संध्याकाळी च्यू जेट्टीवर जा. पाण्यात रोवलेल्या खांबांवर च्यू आडनावाच्या कुटुंबांची लाकडी वस्ती आहे. ती राहती घरे आहेत, दारातून आत कॅमेरा रोखू नये. रात्रीच्या जेवणासाठी लेबुह किंबर्ली किंवा लेबुह चुलिया या रस्त्यांवर अंधार पडल्यावर गाड्या लागतात. चार क्वे तिआव, म्हणजे तांदळाच्या रुंद पट्ट्या, कोळंबी, शिंपले, अंडे आणि मोड प्रखर आचेवर परतून केलेला पदार्थ, तिथली ओळख आहे. मात्र चिनी गाडीवर तो बहुधा डुकराच्या चरबीत परततात आणि त्यात चिनी सॉसेजही असते. तुम्ही तो हलाल पाटी असलेल्या गाडीवर खावा. चव थोडी वेगळी लागेल, पण मन शांत राहील.

कोकमसार:

वरच्या प्रतिसादात असम लाक्साचा, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवयांचा, उल्लेख राहिला आहे, आणि मासे खाणाऱ्या मराठी माणसाने पेनांगमध्ये जाऊन तो न खाता परतणे मला तरी पटत नाही. तिथल्या रश्श्यासाठी वापरतात तो ‘इकान केंबुंग’ म्हणजे आपला बांगडा आणि त्याचे सख्खे भाऊ. मासा उकडून, काटे काढून, हाताने कुस्करून रश्श्यात घालतात. आंबटपणासाठी चिंच असतेच, शिवाय ‘असम केपिंग’ नावाच्या फळाच्या वाळवलेल्या चकत्या असतात, आणि ते झाड आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे. त्यामुळे पहिला घोट ओळखीचा लागतो. दुसऱ्या घोटाला मात्र बुंगा कांतान या आल्याच्या जातीच्या फुलाचा वास येतो, पुदिना आणि अननसाचे तुकडे दाताखाली येतात, आणि बाजूच्या चमच्यातला ‘हे को’ हा कोळंबीचा काळा, गोडसर लगदा ढवळला की सगळेच बदलते. तो एकदम सगळा ढवळू नये, आधी निम्माच मिसळून पाहावा. या पदार्थात डुकराचे किंवा गायीचे मांस सहसा नसते, म्हणून तुमच्या नियमात तो चपखल बसतो. नारळाच्या दुधाची लाक्सा हा वेगळा पदार्थ आहे. मागताना ‘असम’ हा शब्द उच्चारायला विसरू नका.

वरणभात:

हा धागा पुढे कोणी शाकाहारी वाचेल म्हणून थोडे लिहितो, कारण मी मासेही खात नाही आणि पहिल्या दिवशी फसलो होतो. तिथे ‘भाजी’ मागितली तरी तीत बेलाचान, म्हणजे सुकवलेल्या जवळ्याचा गोळा, असण्याची दाट शक्यता असते. मिरचीच्या बहुतेक चटण्यांतही तो असतो. रोटी चनाईबरोबर वाढतात त्या डाळीतही फरक आहे: साधी डाळ वेगळी आणि ‘दालचा’ वेगळी, दालच्यात मटणाची हाडे असू शकतात. ‘मांस नको’ एवढे म्हणून भागत नाही, मासा म्हणजे ‘इकान’, कोळंबी म्हणजे ‘उदांग’ आणि अंडे म्हणजे ‘तेलुर’ हे शब्द एकेक उच्चारून नको म्हणावे लागते.

निश्चिंतपणे जेवायचे असेल तर लेबुह पासार आणि लेबुह क्वीनच्या परिसरातील लिटल इंडियात तमिळ शाकाहारी खानावळींमध्ये केळीच्या पानावर जेवण मिळते. पण मला अधिक आवडली ती चिनी बौद्धांची शाकाहारी दुकाने. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी लोक शाकाहार पाळतात आणि त्या दिवशी तिथे गर्दी उसळते. त्यांच्या परंपरेत कांदा-लसूणही वर्ज्य असल्यामुळे ते न खाणाऱ्यांचीही सोय होते. सोयाबीनपासून केलेले ‘बदक’ किंवा ‘मासा’ ताटात आला तर दचकू नये.

डोंगरवेडी:

‘डोंगर सोडा’ या सल्ल्याशी मी सहमत नाही. पेनांग हिलची रुळांवरची गाडी १९२३ पासून चालते, आताचे डबे २०११ सालचे आहेत आणि वर पोहोचायला फार वेळ लागत नाही. वर हवा खालच्यापेक्षा चांगलीच गार असते. ज्यांना ऊन सोसत नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगली जागा कोणती? शिवाय वाटेवर आयर इतम येथे केक लोक सी हे प्रचंड बौद्ध मंदिर आहे. त्याचे काम १८९० साली सुरू झाले. १९३० साली पूर्ण झालेल्या त्याच्या सात मजली पॅगोडाचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी घडणीचा आहे, म्हणजे एका मनोऱ्यात तीन देश. टेकडीवरची क्वान यिनची कांस्यमूर्ती तीस मीटरहून उंच आहे. शहरातल्या कोमतार या उंच इमारतीपासून २०४ क्रमांकाची बस मिळते; बसमध्ये सुटे मिळत नाहीत, म्हणून नेमके पैसे घेऊन चढावे.

पायपीट:

आपले म्हणणे डोंगराविषयी खरे आहे, दिवसाविषयी नाही. दोन दिवस असते तर मीही हेच सुचवले असते. रांग, बस, पायऱ्या आणि परतीची वाट धरली तर आयर इतमचा फेरा सहज पाच-सहा तास खातो, आणि दुपारी ढग उतरले तर वरून पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही. फार तर केक लोक सी एकटे घ्यावे आणि तिथल्या बाजाराजवळ लाक्सा खाऊन परतावे. कोकमसार यांची सूचना मला मान्य आहे, लाक्सा विसरलो ही माझीच चूक.

सांजवात:

सर्वांचे आभार. काल रात्री परत आले, म्हणून घडले तसे लिहिते आहे, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

डोंगर सोडला. डोंगरवेडी यांनी रागावू नये. सकाळी खिडकीतून पाहिले तेव्हा डोंगर ढगात होता आणि निर्णय माझ्यावतीने हवामानानेच घेतला. न्याहारीला कोपी आणि काया लावलेला पाव. टेबलाचा क्रमांक लक्षात ठेवायला मी विसरलेच होते, पण गाडीवरच्या बाईंनी मला पाहून ठेवले होते आणि बशी बरोबर माझ्यापुढे आली. खू कोंग्सीत मी ठरवल्यापेक्षा एक तास जास्त रमले. छपराखालच्या तुळयांवरची छोटी छोटी लाकडी माणसे पाहताना मान दुखली, तरी हलवेना. तळघरातील दालनात कुळाच्या पिढ्यांची माहिती मांडली आहे, तीही वाचली.

मारिअम्मन मंदिरात आरतीची वेळ साधली गेली. तिथून बाहेर पडून क्वान यिनच्या देवळापाशी आले तो धुराने डोळ्यांत पाणी आले. एका सकाळीत कापूर आणि चिनी उदबत्त्या हे दोन्ही वास साडीला लागले ते रात्रीपर्यंत गेले नाहीत.

दुपारी ठरवलेले नासी कांदारचे दुकान नेमके त्या दिवशी बंद निघाले. तिथली अनेक छोटी दुकाने आठवड्यातून एक दिवस सुट्टी घेतात, तर दुसरा पर्याय मनात असू द्यावा. मी शेजारच्या दुकानात गेले, बोटाने कोंबडीचा रस्सा दाखवला आणि ‘बांजिर’ नको म्हणून सांगितले. वाढणाऱ्याने चमचा हवेतच थांबवून माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले, पण ऐकले. ताटात भेंडी घेतली, ती आपल्यासारखी परतलेली नसून अख्खी उकडलेली असते.

हवेलीतून बाहेर पडले आणि पाऊस कोसळला. तासभर एका काकी लिमावर उभी होते. दुकानदार आजोबांनी न विचारता प्लास्टिकचे स्टूल पुढे सरकवले आणि स्वतः वर्तमानपत्र वाचत राहिले. आमच्यात एकही शब्द बोलला गेला नाही. पावसामुळे च्यू जेट्टीवर गर्दी नव्हती, फळ्या ओल्या आणि निसरड्या होत्या, आणि एका घरात कोणीतरी दूरचित्रवाणी मोठ्याने लावली होती.

चेंडोल राहून गेले, कारण पावसाने अंगात गारवा भरला होता आणि बर्फ नकोसा वाटला. त्याऐवजी संध्याकाळी असम लाक्सा घेतली. टेबलावर समोर एक चिनी आजी बसल्या होत्या. मी ‘हे को’चा सगळा चमचा एकदम ओतायला गेले तर त्यांनी माझे मनगट हलकेच धरले आणि बोटांनी ‘निम्मा’ अशी खूण केली. कोकमसार, तुमची सूचना त्या क्षणी आठवली. बांगड्याबद्दल तुम्ही लिहिलेले खरे आहे, आणि मी वाडगा तळापर्यंत संपवला. त्यानंतर चार क्वे तिआवसाठी जागाच उरली नाही. हलाल गाडीपर्यंत चालत गेले, समोर उभी राहून दहा मिनिटे परतणाऱ्याचे हात पाहिले आणि मुक्कामी परतले.

एक प्रश्न मात्र राहिला आहे. असम केपिंगच्या वाळलेल्या चकत्यांचे एक पाकीट मी बाजारातून आणले आहे. कोकमसार, माशाच्या सारात कोकमाच्या जागी त्या घालायच्या झाल्या तर चार माणसांना किती घालाव्यात, आणि त्या आधी भिजवायच्या की थेट उकळीत टाकायच्या?

कोकमसार:

थेट उकळीत टाका, भिजवू नका. चार माणसांना दोन-तीन चकत्या पुरतात. कोकमासारखा रंग मात्र येणार नाही, सार फिकेच दिसेल. चव घेत राहा आणि हवा तेवढा आंबटपणा उतरला की चकत्या काढून टाका.